जाहिरातीखाली गेलेला नकार

तुम्ही कधी उसाच्या ट्रॉलीला नकार दिलाय का?

मी दिलाय. भर सभेत, माईकवरून, डोक्यावर गुलाबी फेटा असताना आणि त्याच ट्रॉलीत उभं राहून. त्या दिवसाचा फोटो माझ्याकडे आहे. फोटोत मी तावातावाने बोलतेय आणि मागच्या फ्लेक्सवर माझाच दुसरा फोटो गोड हसतोय. दोघींचं एकमत नाही हे लांबूनही कळतं.

आमचं घर डाळजला, हायवेपासून आत. वडील लाइनमन होते, पण त्यांचं खरं काम पत्रकं काढणं. पाण्यासाठी, मजुरीसाठी, गायरानासाठी, अंगात येणाऱ्या बुवांच्या विरोधात. घरात जिथे हात घालावा तिथे गठ्ठे. मी झोपायचे गठ्ठ्यांवर अंथरलेल्या गोधडीवर. गणितं सोडवायचे पत्रकांच्या कोऱ्या पाठीवर. भेळ मिळायची तीही पत्रकावरच, त्यामुळे शेवटचा घास उचलला की खाली तेलकट अक्षरांत दिसायचं, ‘हे आम्ही खपवून घेणार नाही’. चौथीत ‘माझी आई’ या निबंधाचा शेवट मी ‘तरी सर्वांनी बहुसंख्येने उपस्थित राहावे’ असा केला होता. बाईंनी खाली लाल शाईत विचारलं होतं, कुठे?

वडिलांना आम्ही अण्णा म्हणतो. पत्रकाबाबत अण्णांचा एक नियम होता. ते म्हणायचे, "कागद हातात पडल्यापासून तो चुरगाळून टाकंपर्यंत माणूस जेवढं वाचतो, तेवढीच आपली जागा. मुद्दा शेवटी ठेवायचा न्हाय. शेवटपर्यंत कुणी येत न्हाय."

हा नियम मी आयुष्यात एकदाच मोडला, आणि ही सगळी भानगड त्यातून झाली.

मी बारामतीत एका कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवते आणि भाड्याच्या एका खोलीत राहते. एकटी राहते, असं लोक म्हणतात तेव्हा आवाज असा खाली आणतात की जणू मला काही लागण झाली आहे. मी एकटी आहे हे खरं. रविवारी तर फार. अर्धा लिटरची दुधाची पिशवी एकटीला संपत नाही आणि त्याहून लहान पिशवी आणायला गेलं तर दुकानदार विचारतो, "पाहुणे गेले व्हय?" एका भाकरीचं पीठ मला कधीच नीट घेता येत नाही. एक तर दीड भाकरी होते, नाही तर पाऊण. संध्याकाळी मी कधी कधी एसटी स्टँडवर जाऊन बसायचे. कुठे जायचं नसायचं. नुसत्या घोषणा ऐकायला बरं वाटायचं. इंदापूर, फलटण, मोरगाव, कोणी तरी कोणाला तरी बोलावतंय असं वाटायचं. एकदा एका कंडक्टरने विचारलंच, "ताई, नेमकं जायचं कुठं?" मी म्हटलं, "कुठंच नाही." तो म्हणाला, "मग सरका की जरा, हितं जाणारी माणसं बसू द्या."

अशा दिवसांत आत्याने स्थळ आणलं. आत्या अण्णांची थोरली बहीण, आमच्या शेजारीच राहते आणि अण्णा जगात फक्त तिला घाबरतात.

"पोरगं निर्व्यसनी हाय," आत्या म्हणाली.

"आत्या, मला लग्न करायचं नाही. आणि याच्याशी तर नाहीच."

"सुपारीसुदीक खात न्हाय."

"मीही खात नाही."

"बघ! जमतंय की मग."

मुलगा आमच्याच समाजातला, पलीकडच्या गावचा. लोणी देवकरला कंपनीत पाळीने कामाला. घरचा ट्रॅक्टर आणि दोन ट्रॉल्या, हंगामात उसाला लावलेल्या. कुणाच्या तरी बारशाला त्याने मला बोलताना ऐकलं होतं. मी तिथे बारशातल्या मानपानाविरुद्ध बोलत होते. बाकी सगळे पळाले, हा शेवटपर्यंत ऐकत उभा होता आणि त्याला प्रेम झालं. यात माझा दोष असेल तर एवढाच की मी भाषण आवरतं घेतलं नाही.

तो वाईट माणूस असता तर माझं काम सोपं होतं. वाईट माणसाविरुद्ध पत्रक काढता येतं. हा पडला सज्जन. त्याने कधी रस्ता अडवला नाही, कधी वावगा शब्द बोलला नाही. तो रोज रात्रीच्या जेवणाच्या वेळेला मोबाइलवर फक्त एक प्रश्न पाठवायचा, "जेवलात का?"

मी त्याला एक दिवस नीट लिहिलं. "मी आपल्याशी विवाह करू इच्छित नाही. हा निर्णय पूर्ण विचारांती घेतला आहे. कृपया नोंद घ्यावी आणि पुन्हा संपर्क करू नये."

उत्तर आलं, "ओके मॅडम. जेवलात का?"

प्रत्यक्ष भेटून सांगितलं, तेव्हा त्याने मान डोलावली. आत्यामार्फत सांगितलं, तेव्हा आत्याने ते रस्त्यातच बदललं आणि "पोरगी लाजती" असा निरोप पोचवला. त्यानंतर आमच्या घरी उसाच्या मोळ्या येऊ लागल्या. मी एखाद्या शनिवारी घरी यायचे तर अण्णा ओसरीत बसून कांडं सोलताना दिसायचे.

"अण्णा, तुम्ही तो ऊस का घेता?"

"उसाशी आपलं भांडण न्हाय," अण्णा म्हणाले आणि कांडं मोडलं.

मला राग आला तो यामुळे. आयुष्यभर मी मोठमोठ्यांना ‘नाही’ म्हणायला शिकले आणि इथे घरातल्या घरात माझा नकार कोणी मोजतच नव्हतं. उलट सगळ्यांकडे एकच मुद्दा होता, तू एकटी आहेस आणि तो चांगला आहे. म्हणजे भूक लागलेल्या माणसाने समोर येईल ते खाल्लंच पाहिजे. मला न आवडणारी दोडक्याची भाजी कितीही निर्व्यसनी असली तरी मी का खावी?

तेव्हा मी ती गोष्ट लिहिली.

गोष्टीत एका गावाबाहेरच्या खोलीत एक बाई एकटीच राहते. एके संध्याकाळी उसाची एक रिकामी ट्रॉली, ट्रॅक्टरशिवाय, आपली आपण चालत येते आणि तिच्या दारासमोर उभी राहते. हॉर्न नाही, गाणं नाही. नुसती उभी. सकाळी निघून जाते, संध्याकाळी परत येते. गावाला कळतं की ट्रॉलीचं बाईवर प्रेम बसलंय. मग गाव येऊन बाईला समजावू लागतं. टायर नवे आहेत. रंग कंपनीचा आहे. कधी कोणाच्या अंगावर गेली नाही. तू एकटी, ती एकटी, बसून टाक. बाई म्हणते, पण मला ट्रॉली नको आहे. गाव म्हणतं, मग काय बैलगाडी पाहिजे? शेवटी एका संध्याकाळी बाई दाराशी येते, कडी काढते आणि ट्रॉलीला तोंडावर सांगते. ते सांगणं म्हणजे माझी गोष्ट. बाकीचं सगळं त्यासाठी रचलेलं. आणि ते मी ठेवलं अगदी शेवटी, कारण कथा अशाच लिहितात असं मला वाटलं होतं.

गोष्ट मी इंदापूरच्या एका निवृत्त मुख्याध्यापकांकडे पाठवली. ते दर वर्षी आमच्या भागातला एक दिवाळी अंक काढतात. त्यांना ती आवडली. अंक आला. मी बारामतीच्या स्टँडवरच तो उघडला. माझी गोष्ट होती, चित्रही होतं. शेवटच्या पानावर आले.

‘बाई उठली. दाराशी आली. तिने कडी काढली.’

आणि त्याखाली चौकटीत, बियाण्याच्या एका दुकानाची जाहिरात. ‘सर्व ग्राहकांना दिवाळीच्या हार्दिक शुभेच्छा. कांद्याचे खात्रीशीर बी. एकदा वापरून बघा.’

मी पान उलटलं. पुढे कोणाचा तरी काकडी लागवडीवरचा लेख होता.

मी तिथूनच फोन लावला. "सर, माझा शेवट गेला."

"गेला नाही," सर शांतपणे म्हणाले. "मोकळा ठेवलाय. आधुनिक कथेचा शेवट मोकळाच असतो."

"सर, मोकळा कुठे आहे? तिथे कांद्याचं बी आहे."

"जाहिरात ऐन वेळी आली. ते आपले जुने जाहिरातदार आहेत. आणि खरं सांगू का, तुझा शेवट जरा कडक होता. आता कसं, ज्याने त्याने आपापला समजून घ्यावा."

ज्याने त्याने समजून घेतला. अंक आमच्याकडे घरोघर फिरला, सलूनमध्ये गेला, भिगवणच्या दवाखान्याच्या बाकावर गेला, आणि सगळ्यांना शेवट एकच समजला. संध्याकाळची वेळ, बाईने कडी काढली. पुढे काय होणार हे सांगायला मुख्याध्यापक कशाला हवेत?

गंमत म्हणजे ट्रॉली प्रेमात पडते याचं कोणालाच नवल वाटलं नाही. ते चालण्यासारखं होतं. मात्र प्रत्येकाला एक शंका होती. वडापच्या, म्हणजे माणसं भरतील तशी सुटणाऱ्या जीपमध्ये माझ्या शेजारी बसलेल्या गावातल्या तात्यांनी ती बोलून दाखवली. "लिवलंय झ्याक. पर ट्रॅक्टर कुठं व्हता?"

"ट्रॅक्टर नाही, तात्या. ट्रॉली एकटीच येते."

"आसं कसं ईल? हूक कशाला अडकवला व्हता?"

घरी पोचले तर अण्णा अंक वाचून, चष्मा काढून बसले होते. माझ्याकडे न बघता म्हणाले, "चांगलं झालं. शेवटी ती व्हय म्हणाली."

इतर कोणी म्हटलं असतं तर मी भांडले असते. अण्णांशी मात्र भांडले नाही. मी पिशवीतून माझी मूळ प्रत काढली आणि जाहिरातीखाली गेलेल्या ओळी त्यांना उभ्यानेच वाचून दाखवल्या. अण्णांनी त्या ऐकल्या. मग चष्मा घातला, प्रत हातात घेतली आणि स्वतः वाचल्या. मग सोललेलं उसाचं कांडं हळूच ताटलीत ठेवून ताटली लांब सरकवली.

"आन् हे छापलंच न्हाय?"

"नाही."

"मी काय सांगितलं हुतं? मुद्दा शेवटी ठेवायचा न्हाय!" अण्णा कडाडले. आणि पुढच्या क्षणी त्यांचा चेहरा उजळला. कित्येक महिन्यांत त्यांच्याकडे काढण्यासारखं पत्रक नव्हतं. "शुद्धिपत्रक काढू."

पण आमच्या आधी त्या ट्रॉलीवाल्याने फ्लेक्स काढला.

डाळजच्या फाट्यावर, हायवेवरून जाणाऱ्या प्रत्येक एसटीला दिसेल असा. वर माझा फोटो, कॉलेजच्या ओळखपत्रावरचा, तोही कोणी तरी गोरा केलेला. बाजूला त्याचा फोटो, गॉगल लावलेला. मधे, दोघांच्या बरोबर मधे, ट्रॉली. धुऊन, पुसून, हार घालून. ‘आमच्या ट्रॉलीवर सुंदर कथा लिहिल्याबद्दल लेखिकाताईंचे हार्दिक अभिनंदन. भव्य सत्कार समारंभ. शुभेच्छुक, समस्त मित्र परिवार.’ आणि खाली त्या मित्र परिवाराची कानाला मोबाइल लावलेली मुंडकी.

आत्या फ्लेक्ससमोर उभी राहून डोळे पुसत होती. "बया, किती शोभतंय!"

"आत्या, ही पत्रिका नाही."

"तारीख तेवढी टाकायची ऱ्हायलीय."

मी सत्काराला जाणार नव्हते. अण्णांनीच मला बसवून सांगितलं. आपल्याकडे सत्कार झाला की सत्कारमूर्तीला मनोगत मांडावं लागतं. मधे कोणी बोलत नाही, माईक कोणी काढून घेत नाही, आणि शाल आधीच दिलेली असते म्हणून परतही मागत नाहीत. "आयती सभा मिळतीय," अण्णा म्हणाले. "आयती सभा सोडायची नसती." दुसऱ्या दिवशी ते स्वतः बारामतीच्या छापखान्यात जाऊन बसले.

सत्कार फाट्यावरच, त्या फ्लेक्सच्या पुढ्यात होता आणि निम्मं गाव आलं होतं. स्टेज म्हणजे, तुम्ही ओळखलं असेल, त्याच्या दोन्ही ट्रॉल्या. शेजारी शेजारी लावून, मधल्या फळ्या पाडून, वर सतरंजी. मी त्यात चढले तेव्हा माझ्याच गोष्टीत चढल्यासारखं वाटलं, तेही चुकीच्या बाजूने. फेटा बांधला, शाल दिली, नारळ दिला. तो कोपऱ्यात इस्त्रीच्या शर्टात उभा होता आणि सारखा ट्रॉलीच्या कडेवरून हात फिरवत होता. सूत्रसंचालन करणारा त्याचा मित्र म्हणाला, "आता ताई आपल्या मनातली गोड गोष्ट सांगतील," आणि शिट्ट्या झाल्या.

सरकारविरुद्ध हजारो पत्रकं मी वाटली आहेत, पण इथे माझ्या समोर सरकार नव्हतं, एक माणूस होता. तरीही आज बोलले नाही तर पुन्हा कोणी मला विचारणारही नाही, हे मला दिसत होतं.

"माझ्या गोष्टीच्या शेवटच्या ओळी छापायच्या राहिल्या," मी म्हटलं. "त्या वाचते."

आणि वाचल्या.

‘तिने कडी काढली. दार उघडलं. ट्रॉली जराशी पुढे सरकली. बाई म्हणाली, थांब. तू चांगली आहेस, सगळे सांगतात ते खरं आहे. मी एकटी आहे, तेही खरं आहे. पण मला तू नको आहेस. ट्रॉली म्हणाली, मग कोण हवंय? बाई म्हणाली, ते मला माहीत नाही. तू नकोस, एवढं माहीत आहे. हे सांगायला मी कडी काढली. ट्रॉली थोडा वेळ उभी राहिली, मग वळून रस्त्याला लागली. बाईने दार लावलं. पीठ मळलं. भाकरी एकच झाली.’

पुढे मी माझं एकच वाक्य जोडलं. "ही बाई जे म्हणाली, तेच माझंही म्हणणं आहे आणि ते मी पहिल्या दिवसापासून म्हणतेय."

आत्याने पदर तोंडाला लावला होता. अण्णा खाली गर्दीतून पत्रकं वाटत पुढे पुढे सरकत होते, प्रत्येकाला नमस्कार करून, जणू आमदारकीला उभे आहेत. तेवढ्यात मागून वडापमधल्या त्या तात्यांचा आवाज आला, "ते समदं ठीक. पर जाताना तरी ट्रॅक्टर व्हता का?"

सभा हसली. मीही हसले. तो हसला नाही. शाल-नारळ सांभाळत मी खाली उतरले तेव्हा तो समोर आला. हातात अण्णांचं पत्रक होतं, चुरगाळलेलं नव्हतं.

"मॅडम, मला वाटलं, कडी काढली म्हंजी..."

"नाही म्हणायलाच काढली होती."

"आदी पण तुमी न्हायच म्हणला हुता."

"हो."

"मला वाटलं, पुस्तकात लिवलं म्हंजी आता खरं." तो पत्रकाकडे बघत राहिला. मग म्हणाला, "ट्रॉली रोज येऊन नुस्ती उभी ऱ्हाती, ते मातर बरोबर लिवलंय. आमच्या कंपनीतनं सुटल्यावर मी बी आसाच गेटला उभा ऱ्हातो. घरी जाऊन करायचं काय?" मग त्याने विचारलं, "पुढं तिचं काय झालं?"

मला माहीत नव्हतं. मी बाईचाच विचार केला होता. ट्रॉली रस्त्याला लागली आणि माझ्या हातून सुटली होती.

"ते मी लिहिलं नाही," मी म्हटलं. "पण ती बाईच्या दारात परत आली नाही."

त्याने मान डोलावली. आधी डोलावली होती तशी नाही. "बरं," म्हणाला आणि सतरंजी गोळा करायला गेला.

त्या दिवसापासून ऊस बंद झाला. अण्णा कधी कधी ओसरीत रिकामी ताटली घेऊन बसतात. त्याचा निरोपही बंद झाला. पहिल्या आठवड्यात जेवणाच्या वेळेला माझं लक्ष फोनकडे गेलं. कोणी तरी विचारत होतं, ते थांबलं होतं. पण विचारणं थांबल्याची चुटपुट आणि विचारणारा हवासा वाटणं या वेगळ्या गोष्टी आहेत आणि हे मला कोणी समजावायला येऊ नये. अण्णांना माझ्या आवाजावरून काही कळलं असावं. आता रोज त्यांचा निरोप येतो, ‘आपण जेवलात किंवा कसे, हे उलट टपाली कळवावे.’

आत्या माझ्याशी अजून तुटक बोलते. दुसरं स्थळ तिच्या डोक्यात आहे. ते सुपारी खातं, असं ती मुद्दाम सांगते.

फ्लेक्स त्याने स्वतःच उतरवला. पण आमच्याकडे चांगला फ्लेक्स कोणी फेकत नाही. तो त्याच्या घरामागच्या कडब्याच्या गंजीवर पसरलाय, वर दगड ठेवून. मी पाहिला तेव्हा ट्रॉली आत दुमडली होती, तोही दुमडला होता, आणि माझा गोरा चेहरा तेवढा वर, आभाळाकडे बघून हसत होता. जनावरांना आत्तापर्यंत तरी काही अडचण झालेली नाही.

आता तुमच्यासाठी काम. अण्णांची पत्रकं डाळजच्या आसपासच संपली. तो दिवाळी अंक मात्र बारामती-इंदापूर पट्ट्यात अजून पडलेला आहे, वाचनालयात, सलूनमध्ये, दवाखान्याच्या बाकावर, कदाचित तुमच्याच पलंगाखाली. या लेखात नकार मी अगदी सुरुवातीलाच ठेवलाय, त्यामुळे याच्याखाली कोणाचीही जाहिरात आली तरी माझं काही जात नाही. पण तिथे ती बाई अजून कडीला हात लावून उभी आहे आणि गाव तिच्या वतीने हो म्हणतंय. तेव्हा तो अंक दिसला तर पेन काढा, ‘तिने कडी काढली’ या ओळीपुढे जी बोटभर जागा उरलीय तिथे ‘आणि नाही म्हणाली’ एवढं लिहा, आणि अंक होता तिथे परत ठेवा.